फिनिअस गेजचं उरलेलं आयुष्य

दारू सोडवण्यासाठी माणसाला घेऊन आलेल्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. याच्या मेंदूचा फोटो काढून बघता येईल का, हा पहिला. आणि फोटोत काही निघालं तर मग हा सुधारणार की नाही, हा दुसरा. सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असते, त्यामुळे नीट उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. ते इथे देतो. पण त्यासाठी पावणेदोनशे वर्षं मागे, अमेरिकेतल्या एका रेल्वेमार्गाच्या कामावर जावं लागेल.

तिथला मुकादम होता फिनिअस गेज. १८२३ साली न्यू हॅम्पशायर राज्यात जन्मलेला, अंगापिंडाने मजबूत, कामात चोख. व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ डोंगर फोडून रूळ टाकायचं काम चाललं होतं. सुरुंग लावायची पद्धत आपल्याकडच्या दगडखाणीतल्यासारखीच. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वात सोडायची, वर वाळू टाकायची आणि मग लोखंडी पहारेने ठासायचं. गेजने या कामासाठी लोहाराकडून स्वतःची पहार घडवून घेतली होती. लांबी साडेतीन फुटांहून थोडी जास्त, वजन सुमारे सहा किलो, एक टोक निमुळतं.

१३ सप्टेंबर १८४८, दुपारचे साडेचार. गेजचं लक्ष क्षणभर मागे काम करणाऱ्या माणसांकडे गेलं आणि पहार खडकावर घासली. ठिणगी पडली, दारू पेटली. पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरली, डाव्या डोळ्यामागून गेली आणि डोक्याच्या वरच्या भागातून बाहेर पडून जवळजवळ पंचवीस मीटरवर जाऊन पडली.

गेज काही मिनिटांतच बोलू लागला. आधार घेऊन चालला, बैलगाडीत ताठ बसून पाऊण मैलावरच्या मुक्कामाच्या घरी आला आणि डॉक्टरची वाट बघत ओसरीवर बसला. काय घडलं हे त्यानेच डॉक्टरला सांगितलं. संध्याकाळी जॉन हार्लो नावाचा तिशीही न गाठलेला गावातला डॉक्टर आला आणि पुढची सूत्रं त्याने हाती घेतली.

या हार्लोबद्दल मला फार आदर आहे. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लिस्टरचं निर्जंतुकीकरण यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती. हार्लोने हाडाचे तुकडे काढले, जखम पूर्ण बंद न करता स्राव वाहायला वाट ठेवली. तरीही आत पू झालाच. गेज गुंगीत गेला, घरच्यांनी शवपेटी तयार ठेवली. हार्लोने पू काढून टाकला आणि रुग्ण हळूहळू परतला. अपघाताला अडीच महिने व्हायच्या आत तो आपल्या घरी होता. डाव्या डोळ्याची दृष्टी तेवढी गेली.

वैद्यकीय चमत्कार म्हणून गोष्ट इथे संपली असती. पण कामावर परत घ्या म्हणून गेज गेला, तेव्हा ज्या ठेकेदारांना तो आपला सगळ्यात कर्तबगार मुकादम वाटायचा त्यांनीच त्याला नकार दिला. बोलता येत होतं, चालता येत होतं, आठवण शाबूत होती. बिघडलं होतं ते वेगळंच. पूर्वीचा संयमी, धोरणी माणूस आता शिवराळ झाला होता. मनाविरुद्ध कुणी काही सांगितलं की चिडायचा. बेत आखायचा आणि लगेच टाकून द्यायचा. पैशाचा हिशेबही सुटला होता. हार्लोने नोंदवून ठेवलं आहे की हजार डॉलर दिले तरी तो जवळचे चार गोटे द्यायला तयार नव्हता.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे, कळतं पण वळत नाही. गेजला कळत होतं. वळणं मात्र त्या पहारेबरोबर निघून गेलं होतं.

हार्लोने हे सविस्तर छापलं ते १८६८ साली, गेजच्या मृत्यूनंतर. तेव्हाच्या वैद्यकाला चालणं, बोलणं, बघणं हे मेंदूत कुठेतरी असणार इतपत मान्य होतं. पण स्वभाव, विवेक, सभ्यपणा हे आत्म्याचे गुण. ते कपाळामागच्या मांसल गोळ्यात असतात हे पचायला कठीण होतं. दहा वर्षांनी लंडनमध्ये डेव्हिड फेरिअर या शास्त्रज्ञाने आपल्या व्याख्यानांत गेजचं उदाहरण घेतलं आणि मग तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. आम्हीही मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, गेजच्या नावानेच शिकलो.

गेजची कवटी आणि पहार आज बोस्टनमध्ये, हार्वर्डच्या वॉरन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यामुळे मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याचं स्कॅनिंग करता आलं. १९९४ मध्ये हॅना दमासिओ आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या मोजमापांवरून संगणकावर पहारेचा मार्ग आखला. त्यांच्या मते इजा दोन्ही बाजूंच्या पुढच्या भागांना झाली होती. २००४ मध्ये कवटीच्या सीटी स्कॅनवरून दुसऱ्या गटाने दाखवलं की इजा डाव्या बाजूपुरतीच होती. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी आणखी एक हिशेब केला. मेंदूच्या वरच्या करड्या थरापैकी साधारण ४ टक्केच भाग पहारेच्या वाटेत आला होता, पण आतल्या पांढऱ्या तंतूंपैकी जवळजवळ ११ टक्के तुटले होते. हे तंतू म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात संदेश नेणाऱ्या तारा. मला यातला हा शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटतो. संयमाचं एखादं केंद्र उडालं असं नव्हतं, तर पुढच्या भागाचा बाकी मेंदूशी असलेला संपर्क तुटला होता.

व्यसनाशी याचा संबंध लागला तो एका पत्त्यांच्या खेळामुळे. १९९४ मध्येच आयोवा विद्यापीठात बेचारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी हा खेळ तयार केला. चार गड्ड्या असतात. दोन गड्ड्यांत एकेका पानाला मोठी रक्कम मिळते, पण मधूनच असा दंड बसतो की शेवटी खिसा रिकामा. उरलेल्या दोनांत कमाई थोडी, पण टिकणारी. धडधाकट माणूस काही डावांनंतर घातक गड्ड्या टाळू लागतो. मेंदूचा पुढचा खालचा भाग दुखावलेले रुग्ण मात्र तोटा दिसत असूनही त्याच गड्ड्यांकडे हात नेत राहतात. पुढे दारू आणि कोकेनसारख्या पदार्थांच्या आहारी गेलेल्यांना हा खेळ दिला, तेव्हा त्यांतले बरेच जण तसेच खेळले. त्यांच्या डोक्यातून पहार गेलेली नव्हती, तरी.

त्याच सुमारास अमेरिकेत नोरा वोल्को यांनी कोकेनच्या व्यसनींचे पेट स्कॅन केले. मेंदूचा कुठला भाग किती साखर जाळतो, डोपामिन या रसायनाला प्रतिसाद देणाऱ्या जागा किती आहेत, हे या स्कॅनमध्ये दिसतं. व्यसनींच्या मेंदूत या जागा कमी आढळल्या आणि डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेला भागही मंद आढळला. म्हणजे साध्या गोष्टींतला आनंद फिका झालेला आणि थांब म्हणणाराही पेंगुळलेला. नंतर एफएमआरआय आलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ताजं रक्त जास्त येतं, तो फरक हे यंत्र टिपतं. यंत्रात झोपलेल्या व्यसनी माणसाला बाटलीचं किंवा सिगारेटचं नुसतं चित्र दाखवलं, तरी हव्यासाशी आणि भावनांशी जोडलेले भाग जागे होतात. घरात भांडण झालं, अपमान झाला, एकटेपणा आला की पुन्हा प्यायला सुरुवात का होते, याचा अर्थ इथे लागतो. भावना उसळलेली असताना सगळ्यात जास्त काम पडतं ते त्याच पुढच्या भागावर, आणि तोच थकलेला असतो.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ही रंगीत चित्रं बहुतेक वेळा अनेक माणसांच्या सरासरीची असतात. एका माणसाचा एफएमआरआय काढून तो उद्या पिणार की नाही हे कुणी सांगू शकत नाही. रुग्णालयात होणारा साधा एमआरआय तर मेंदूची रचना दाखवतो, मनाचा निग्रह नव्हे. डोक्याला मार असेल, फिट येत असेल, वागणं अचानक बदललं असेल तर तो जरूर करावा. पण व्यसनाचा पुरावा म्हणून कर्ज काढून स्कॅन करू नये. शिवाय पुढचा भाग व्यसनामुळे मंद झाला की आधीच मंद असल्याने व्यसन जडलं, हे एका चित्रावरून ठरत नाही. दोन्ही गोष्टी असू शकतात.

आणि दुसरा प्रश्न, हा सुधारणार का? इथे गेजकडे परत यायला हवं. कारण पाठ्यपुस्तकांनी त्याला १८४८ मध्येच सोडून दिलं. पुढच्या काळात तर त्याच्या नावावर दारूबाजी, बायकोपोरांना मारहाण असलं वाटेल ते खपवलं गेलं. गेजचं लग्नच झालं नव्हतं. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांनी अनेक वर्षं कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा त्याच्या उरलेल्या अकरा-बारा वर्षांचा माग लागला.

काही काळ न्यूयॉर्कमधल्या बार्नमच्या संग्रहालयात गेज पहार घेऊन लोकांसमोर उभा राहिला. मग न्यू हॅम्पशायरमध्ये एका तबेल्यात जवळजवळ दीड वर्ष घोड्यांचं काम केलं. १८५२ मध्ये तो थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीला गेला आणि तिथे सुमारे सात वर्षं राहिला. काम होतं वाल्पाराइसो ते सँतिआगो या मार्गावर प्रवाशांची घोडागाडी हाकण्याचं. अंतर शंभर मैलांच्या आसपास, प्रवास तेरा तासांचा. भल्या पहाटे उठून घोडे तयार करायचे, प्रवाशांशी नीट बोलायचं, सामान लावायचं, भाडं सांभाळायचं. मग खाचखळग्यांच्या, वळणांच्या रस्त्यावर अनेक लगाम एका वेळी हातात धरायचे आणि पुढचं वळण आधीच ओळखायचं. तेही परक्या मुलखात, परक्या भाषेत. चिलीत त्याला ओळखणाऱ्या एका अमेरिकी डॉक्टरने नंतर नोंदवलं की त्याच्या बुद्धीत काही बिघाड दिसत नव्हता.

आरंभी हातातून सुटलेला हा माणूस काही वर्षांत इतपत सावरला कसा? मॅकमिलन यांचा तर्क असा की रोजच्या ठरलेल्या कामाने त्याला सावरलं. तीच वेळ, तेच टप्पे, चुकलं तर लगेच कळणारा परिणाम. तो तर्क आहे, सिद्धांत नाही. पण व्यसनमुक्ती केंद्रात उठण्यापासून झोपेपर्यंतचं वेळापत्रक कशासाठी असतं, असं विचारणाऱ्या घरच्यांना मी तोच सांगतो. आतला लगाम सैल असताना बाहेरचा धरून चालायचं. स्कॅनही थोडी साथ देतात. मेथ या उत्तेजक पदार्थाच्या व्यसनींनी तो १२ ते १७ महिने पूर्ण बंद ठेवल्यावर केलेल्या पेट स्कॅनमध्ये डोपामिनशी संबंधित काही जागा बऱ्याच अंशी भरून आल्याचं वोल्को यांच्या गटाला २००१ मध्ये दिसलं. विचारशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा नव्हती. म्हणून पंधरा दिवसांच्या औषधानंतर तो अजून चिडतो, अजून खोटं बोलतो, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी पंधरा दिवसांचा नव्हे, दीड वर्षाचा हिशेब मांडतो.

१८५९ मध्ये गेजची तब्येत ढासळली. चिली सोडून तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. अंगात थोडं बळ आल्यावर शेतावर कामाला लागला, कारण रिकामं बसणं त्याला जमत नव्हतं. १८६० च्या फेब्रुवारीत पहिली फिट आली. मग येतच राहिल्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे डॉक्टरने रक्त काढलं. फिट थांबवणारं खात्रीचं औषध तेव्हा नव्हतं. आज अशा रुग्णाला आम्ही सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या देतो. २१ मे १८६० रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

हार्लोला ही बातमी कळायला सहा वर्षं लागली. त्याने गेजच्या आईला पत्र लिहिलं आणि कुटुंबाच्या संमतीने कवटी आणि पहार त्याच्याकडे आली.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याकडच्या जुन्या काचबंद छायाचित्रातला अनोळखी माणूस गेज असल्याचं ओळखलं गेलं. तोवर ते त्याला देवमाशांचा शिकारी समजत होते, कारण त्याच्या हातात लांब लोखंडी दांडा होता. उत्तम कोट, नीट विंचरलेले केस, मिटलेला डावा डोळा आणि उजव्या डोळ्याची सरळ, स्थिर नजर.