शुश्रूषेची जाण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

वाचकहो, हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी बाई, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. दिवा खरा होता. पण त्या उजेडात त्या काय पाहत आणि रुग्णाशी कसे बोलत, हे समजल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळावयाचे नाही.

12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी मुलीला घरीच उत्तम शिक्षण दिले. परंतु तिने परिचारिका होण्याचा मनोदय सांगताच घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडात हे काम हलके मानले जाई. मुलीला या शिक्षणासाठी पाठवावयास कचरणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. अखेर 1851 मध्ये जर्मनीतील कायझरवर्थ येथे त्यांना काही महिने शिक्षण घेता आले.

1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथील समिती कॅथॉलिक रुग्ण घेण्यास राजी नव्हती. कोणत्याही धर्माच्या रुग्णाला प्रवेश मिळेल आणि त्याचा धर्मगुरू त्याला भेटू शकेल, हे मान्य झाल्यावरच त्यांनी काम पत्करले. आजाऱ्याच्या मनाला कशाचा आधार वाटतो, हेही शुश्रूषेत येते, अशी त्यांची धारणा होती.

4 नोव्हेंबर 1854 रोजी 38 परिचारिकांसह त्या इस्तंबूलसमोरील स्कुटारीच्या तुर्की बराकीत पोहोचल्या. क्रिमियन युद्धातील इंग्रज सैनिक तेथे घाणीत पडून होते. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोशा होत्या. नाइटिंगेल यांनी भांडण न करता डॉक्टर बोलावतील तोवर परिचारिकांना थांबवून धरले. लवकरच जखमींची रीघ लागली आणि बोलावणे आले.

दगावलेल्या सैनिकांच्या घरी त्या स्वतः पत्रे लिहीत. त्याचे शेवटचे दिवस कसे गेले, हे आईला किंवा पत्नीला कळावे, हा हेतू. जवानांचा पगार घरी पोहोचावा, यासाठीही त्यांनी सोय केली.

तरीही मृत्यू थांबेनात. जखमांपेक्षा रोगांचे बळी अधिक होते. मार्च 1855 मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. परतल्यावर आकडे तपासून नाइटिंगेल यांनी हा धडा पक्का केला आणि 1858 मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडला. दया हवीच, पण नेमके निरीक्षण नसेल तर दया अपुरी पडते.

क्रिमियात जडलेल्या आजाराने त्यांना पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळविले. रुग्णाचे मन त्यांनी दोन्ही बाजूंनी जाणले होते. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या पुस्तकातील सूचना आजही घरोघरी उपयोगी आहेत. रुग्णाशी बोलताना त्याच्यासमोर बसावे, म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही. दाराबाहेर कुजबुजू नये. अर्धवट ऐकू आलेले बोलणे त्याला अधिक छळते. झोप बरी लागली का, असे मोघम न विचारता किती तास आणि कोणत्या वेळी लागली, हे विचारावे. आपण नसताना काम कोण पाहील, ते आधीच ठरवून ठेवावे. आणि काही होणार नाही, लवकर बरे व्हाल, अशी पोकळ आश्वासने टाळावीत. त्यामुळे रुग्ण आपली खरी काळजी बोलून दाखवीत नाही.

1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली आणि परिचारिकेच्या कामाला शास्त्राची बैठक मिळाली. 13 ऑगस्ट 1910 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. 12 मे हा त्यांचा जन्मदिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

वाचकहो, आजाऱ्याच्या समाचाराला जाणे आपण कर्तव्य मानतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा उशाशी गर्दी करू नका, उपदेश करू नका. समोर बसा, थोडे विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.