दूरच्या आवाजाचा गणिती

स्कार्लेट फीव्हर आज पेनिसिलिनने आटोक्यात येतो. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये तसे नव्हते. घशातला संसर्ग कानात शिरे. मूल वाचले तरी ऐकू कमी येई. १८५० साली कॅमडेन टाउनमध्ये जन्मलेल्या ऑलिव्हर हेविसाइड यांचे तेच झाले. इतर मुलांत मिसळणे जमेना, मुलगा एकलकोंडा झाला.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन हे तारायंत्राचे जाणकार, त्यामुळे हेविसाइडही तारेच्या नोकरीत गेले. चोविसाव्या वर्षी ती सोडली आणि पुन्हा कुठेच नोकरी केली नाही. आईवडिलांच्या घरी खोली बंद करून मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ वाचत बसले. मॅक्सवेल यांची वीस समीकरणे आज विद्यार्थी चार म्हणून शिकतात, ती मांडणी मुख्यतः हेविसाइड यांची.

लांबच्या तारेतून बोलणे अस्पष्ट का होते, हाही प्रश्न त्यांनीच सोडवला. तारेत उंच स्वर जास्त क्षीण होतात आणि सगळे स्वर एकाच वेगाने पोचत नाहीत. उपाय उलटा वाटणारा होता: तारेचे प्रवर्तन, म्हणजे इंडक्टन्स, वाढवा. टपालखात्यातले बडे अधिकारी विल्यम प्रीस यांना हे पटले नाही आणि त्यांनी लेखनाची वाट अडवली. हेविसाइड यांनी पेटंट घेतले नाही. पुढे अमेरिकेत तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवली गेली. पेटंट आणि पैसा मायकेल प्युपिन यांना मिळाला. मला ही गोष्ट अजूनही खटकते.

त्याच कामावर असलेल्या जॉर्ज कॅम्पबेल यांना दिसले, की अशी तार एका मर्यादेखालच्या कंपनसंख्या सोडते आणि वरच्या अडवते. त्यातून फिल्टर जन्मला. त्याचे पेटंट १९१७ चे. हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, आपला संच आणि अँटेना यांच्यामध्ये जो लो पास फिल्टर जोडतात, तो याच कुळातला. संच ७ मेगाहर्ट्झवर बोलत असला तरी १४, २१, २८ असे अनाहूत पटही थोडे बाहेर टाकतो. नेहमीचा बाह्य फिल्टर ३० मेगाहर्ट्झपर्यंत वाट मोकळी ठेवतो आणि त्यावरचे पट अडवतो, म्हणून शेजाऱ्याचा टीव्ही बिघडत नाही. १४, २१ आणि २८ मात्र त्यातून निसटतात. ते अडवायला त्या त्या पट्ट्याचा वेगळा फिल्टर लागतो.

हॅमचा आवाज समुद्रापार जातो तो वातावरणातल्या विद्युतवाहक थरावरून परतून. १९०२ साली हेविसाइड आणि अमेरिकेत केनेली यांनी त्या थराचा अंदाज स्वतंत्रपणे बांधला होता.

शेवटची वर्षे टॉर्कीत एकट्याने गेली. घरात फर्निचरऐवजी ग्रॅनाइटचे ठोकळे होते असे सांगतात. इतक्या लांबून निदान करू नये, पण कमी ऐकू येणारा, एकटा राहणारा म्हातारा आजही बाह्यरुग्ण विभागात येतो. १९२४ च्या डिसेंबरात ॲपलटन यांनी प्रयोगाने तो थर दाखवला. काही आठवड्यांनी हेविसाइड शिडीवरून पडले आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी वारले.