फादर हेरास

इ. स. १९२२ मध्ये एक स्पॅनिश धर्मगुरू मुंबईस आले. बार्सिलोना या शहरी १८८८ साली जन्मलेले हे गृहस्थ म्हणजे फादर हेन्री हेरास. धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांना इतिहास शिकवावयाचा होता. कोणता इतिहास शिकवाल, असे विचारता त्यांनी भारताचा इतिहास असे उत्तर दिले. आणि त्याची माहिती किती, यावर काहीच नाही, पण मी तो शिकेन, असे सांगितले, अशी आठवण आहे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी परक्या देशाच्या इतिहासाचा श्रीगणेशा गिरवावयास बसणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यांनी आपला शब्द खरा केला. शिलालेख, ताम्रपट, नाणी, जुनी पत्रे हीच इतिहासाची खरी साधने, हे त्यांनी मनाशी पक्के धरले होते. १९२६ साली त्यांनी महाविद्यालयातच इतिहास-संशोधनाची एक संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी विजयनगरच्या अरविडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला, एवढेच आपण बहुधा वाचतो. परंतु राजधानी उद्ध्वस्त झाली तरी राज्य संपले नव्हते. पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेल्लोर अशी ठाणी बदलीत त्या घराण्याचे राजे पुढेही राज्य करीत राहिले. ही विस्मृतीत गेलेली कथा हेरासांनी शिलालेखांच्या आणि जुन्या जेझुइट धर्मगुरूंच्या पत्रांच्या आधारे उभी केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जॉर्ज मोराएस यांनी १९३१ साली कदंब राजांचा इतिहास लिहिला.

हेरासांना चित्रकलेचेही वेड होते. गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका मेरीमातेस साडी नेसवून तिची चित्रे काढीत. पुष्कळांना ती रुचली नाहीत. हेरासांनी मात्र चित्रकाराची पाठ राखली.

त्यांचे सर्वांत धाडसी काम निराळेच होते. मोहेंजोदडो व हडप्पा येथील मुद्रांवर बारीक चिन्हे कोरलेली आहेत. ती कोणत्या भाषेची? हेरासांना ती द्राविडी भाषा वाटली. मुद्रांवर वारंवार मासा आढळतो. द्राविडी भाषांत 'मीन' या शब्दाने मासा आणि तारा या दोहोंचाही बोध होतो. तेव्हा मासा काढून तारा सुचविला असावा, असा त्यांचा तर्क होता. या कोड्यापायी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली आणि १९५३ साली आपले सर्व वाचन एका मोठ्या ग्रंथात मांडले. त्यांनी लावलेले बहुतेक अर्थ विद्वानांनी स्वीकारले नाहीत. मूळ लेखाशेजारी ओळखीच्या भाषेतील मजकूर असलेली एकही मुद्रा सापडलेली नाही. त्यामुळे ती लिपी अद्याप कोणासच निश्चितपणे वाचता आलेली नाही. माशाविषयीचा त्यांचा तर्क मात्र पुढील संशोधकांनी पुन्हा हाती घेतला.

१४ डिसेंबर १९५५ रोजी फादर हेरास मुंबईतच निवर्तले. ज्या देशाचा इतिहास आपणांस ठाऊक नाही असे त्यांनी सांगितले होते, त्या देशाने १९८१ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांची संस्था आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते.