लाइट जायच्या आधी विचार करणारा माणूस

कल्पना करा, उद्या पेपर आहे आणि रात्री दहाला लाइट गेली. घर एकदम 'स्मार्ट', पण वायफाय बंद पडल्यावर कॅमेरा आंधळा, हाक मारली की लागणारे दिवे बहिरे आणि तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावून बसलेले! अशा वेळी विल्यम आर्मस्ट्राँगला आठवा. चंद्रावर उतरलेला नाही, हा त्याच्या कितीतरी आधीचा.

१८१० मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जन्मलेला विल्यम वडिलांच्या इच्छेखातर वकील झाला. मन मात्र यंत्रांत. एकदा मासे पकडायला गेलेला असताना त्याने पाणचक्की बघितली. पाण्याची थोडीशीच ताकद चाक वापरतंय, बाकीची फुकट वाहून जातेय, हे त्याला खटकलं. त्यातूनच पुढे पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन आली आणि १८४७ मध्ये, छत्तिशीत, त्याने वकिली सोडून कारखाना काढला. करिअर बदलायला उशीर झाला असं वाटत असेल, तर नोंद घ्या!

क्रेनला दाब हवा, त्यासाठी पाण्याची उंच टाकी हवी. पण न्यू हॉलंड इथे जमीन एवढी भुसभुशीत, की टॉवर उभा करणं अवघड. मग त्याने वेगळीच युक्ती काढली. भल्यामोठ्या सिलिंडरमध्ये दट्ट्या आणि दट्ट्यावर प्रचंड वजन. पंप सावकाश पाणी भरून ते वजन वर उचलतो. क्रेनला गरज पडली, की वजन खाली येतं आणि पाणी जोरात सुटतं. या यंत्राचं नाव अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे साठवून ठेवणारा. तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी हेच काम करते.

पुढे तोफा बनवून तो श्रीमंत झाला. त्या तोफांनी माणसं मारली, हे त्याच्या चरित्रातून पुसता येणार नाही. पण १८६३ मध्ये, कोळशाच्या जोरावर इंग्लंड मिरवत असताना, हा कोळसा कायम पुरणार नाही असं जाहीरपणे सांगणाराही तोच होता.

त्याच वर्षी त्याने रॉथबरीजवळ क्रॅगसाइड इथे घर बांधायला घेतलं. पाण्याच्या जोरावर लिफ्ट चालायची, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई आपोआप फिरायची. १८७८ मध्ये तिथे पाण्यापासून केलेल्या विजेवर दिवा लागला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वान या मित्राचे बल्ब आले. बल्ब होते ४५, पण एका वेळी ३७ पेक्षा जास्त लावायची गरज पडायची नाही. एका खोलीतले बंद करायचे, मग दुसरीतले लावायचे. वीज साठवायच्या आधी पाणी साठवायला त्याने तळी बांधली होती. आणि पाणीच कमी पडलं तर? पुढे त्याचीही सोय म्हणून वीजघरात गॅसवरचं इंजिन बसलं.

१९०० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, तो याच घरात गेला. २०१४ पासून तिथल्या तळ्याच्या पाण्यावर पुन्हा वीज तयार होतेय.

आता तुमच्या घराकडे या. गॅजेट घेण्याआधी आर्मस्ट्राँगसारखे दोन प्रश्न विचारा: साठा किती आणि त्यावर काय चालायलाच हवं? राउटर आणि दोन दिवे यांना फार वीज लागत नाही, छोटा यूपीएसही पुरतो. गीझर आणि एसी बॅकअपवर टाकलेत, तर तो बघता बघता संपेल. दाराला स्मार्ट लॉक असेल, तर साधी किल्ली जवळ ठेवा. आणि दिव्याचं भिंतीवरचं बटण काढून टाकू नका. घर हुशार आहे की नाही, ते लाइट गेल्यावरच कळतं.