४२ वर्षं वाळूत पुरलेली गाडी आणि तिचा इंजिनियर

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. काकांच्या गोठ्याशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथे त्यांची जुनी गाडी बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मी आणि चुलतभावाने ठरवलं, चालू करून बघू. नवीन बॅटरी आणली, जोडली आणि चावी फिरवली. खट् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. परत फिरवली, परत खट्. तेवढ्यात गावातले मिस्त्री आले आणि त्यांनी आम्हाला चांगलंच झापलं.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. अशा वेळी स्टार्टरने जोर लावला तर रिंग तुटते, भिंतीवर ओरखडे पडतात आणि वाचू शकणारं इंजिन कायमचं जातं. मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस हात लावायचा नाही असं बजावलं. तिसऱ्या दिवशी पान्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. मग टाकीतला चिकट झालेला जुना पेट्रोलचा गाळ काढला, कडक झालेले रबरी पाइप बदलले, ब्रेकचे जाम झालेले सिलिंडर उघडले. गाडी चालू झाली ती पाचव्या दिवशी!

मी सॉफ्टवेअरवाला. पण त्या पाच दिवसांनी डोक्यात किडा सोडला, की जास्तीत जास्त किती वाईट अवस्थेतली गाडी पुन्हा चालू झाली असेल? शोधता शोधता मी वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचलो. तिथे एक रेसिंग कार शेडमध्ये नव्हे तर चक्क वाळूत पुरली होती. तिचं नाव बॅब्ज. आणि तिच्यामागे होता जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस नावाचा इंजिनियर. त्याच्या काळात इंग्लंडमध्ये त्याचं नाव घरोघरी माहीत होतं. आज त्याची गोष्ट सांगतो.

पाद्र्याचा मुलगा, विजेचा इंजिनियर

थॉमसचा जन्म ६ एप्रिल १८८४ चा, वेल्समधल्या रेक्सहॅमचा. वडील चर्चमध्ये पाद्री. पुढे कुटुंब इंग्लंडच्या सीमेलगतच्या ऑस्वेस्ट्री गावात गेलं आणि त्याचं शालेय शिक्षण तिथे झालं. मग लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात त्याने इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलं. हो, जगातली सर्वात वेगवान गाडी चालवणारा हा माणूस मेकॅनिकलवाला नव्हता!

त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे पेट्रोल-इलेक्ट्रिक ट्रान्समिशन. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेताना दरवेळी गिअर बदलायचा त्रास त्या काळी फार मोठा होता. थॉमसने गिअर आणि विजेची यंत्रं एकत्र करून ताकद पोचवायची पद्धत बसवली. आजच्या हायब्रिड गाड्यांमध्ये इंजिन आणि मोटर मिळून जे काम करतात, त्याच घराण्यातली ही कल्पना. न्यूझीलंडच्या रेल्वेने १९१६ मध्ये या पद्धतीचा एक रेल्वे-डबा चालवूनही पाहिला होता.

पुढे तो लेलँड मोटर्समध्ये मुख्य इंजिनियर झाला. लेलँड हे नाव ओळखीचं वाटतंय ना? आपल्या एसटीवर आणि हायवेवरच्या कितीतरी ट्रकांवर दिसणारं अशोक लेलँड, त्यातलं लेलँड ते हेच. या कंपनीशी भागीदारी झाल्यावर १९५५ मध्ये अशोक मोटर्सचं अशोक लेलँड झालं. म्हणजे थॉमस ज्या कंपनीत होता तिची पाटी आपण रोज बघतो.

बस-ट्रक बनवणाऱ्या त्या कंपनीत थॉमसला जगातली सर्वोत्तम कार बनवायची होती. रीड रेल्टन नावाचा तरुण इंजिनियर त्याच्या मदतीला होता. १९२० मध्ये त्यांनी लेलँड एट लोकांसमोर आणली. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे सात लिटरचं इंजिन, इंजिनाच्या ओढीचा वापर करून ब्रेकला जोर देणारी यंत्रणा. व्हॉल्व्ह बंद करायला नेहमीच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगऐवजी पट्टीच्या स्प्रिंगा. गाडी अफलातून होती, पण किंमत इतकी की घेणार कोण? वीससुद्धा बनल्या नाहीत. कंपनीने १९२३ च्या सुमारास हे काम गुंडाळलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट बेस्ट, पण मार्केटच नाही. आपल्यापैकी कितीजणांच्या मेहनतीच्या ॲपचं असंच झालंय! थॉमसने नोकरी सोडली आणि तो थेट ब्रुकलँड्सला राहायला गेला.

रेस ट्रॅकच्या आत घर

ब्रुकलँड्स म्हणजे लंडनजवळ १९०७ मध्ये बांधलेला काँक्रीटचा रेस ट्रॅक. वळणांवर रस्ता वाटीच्या कडेसारखा वर उचललेला, म्हणजे वेग कमी न करता वळता येईल. थॉमसने ट्रॅकच्या आतल्या जागेतच एक बंगला घेतला आणि शेजारी वर्कशॉप थाटलं. लग्न केलं नाही. दिवसभर गाड्या, रात्री ड्रॉइंग. लेलँड एटचीच रेसिंग आवृत्ती तयार करून त्याने तिथे एकामागून एक शर्यती जिंकल्या. १९२५ मध्ये अर्नेस्ट एल्ड्रिजच्या विमानाचं इंजिन बसवलेल्या अजस्र फियाटशी त्याची समोरासमोर शर्यत लागली. दोन्ही गाड्या ताशी २०० किलोमीटरच्या वर. तीही थॉमसनेच जिंकली.

आता त्याला जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम हवा होता. पण मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नव्हता. मग त्याने काय केलं? सेकंडहँड गाडी घेतली!

१२५ पाउंडांची राक्षसीण

लुई झबोरोव्स्की नावाचा एक श्रीमंत काउंट होता. चिटी बँग बँग नावाच्या ज्या गाड्यांवरून पुढे मुलांचं पुस्तक आणि सिनेमा आला, त्या गाड्या त्याच्याच. त्याने हायम स्पेशल नावाची एक भयंकर गाडी बनवून घेतली होती, पण १९२४ मध्ये मोंझाच्या शर्यतीत तो गेला. थॉमसने ती गाडी त्याच्या वारसांकडून १२५ पाउंडांना विकत घेतली.

या गाडीत लिबर्टी नावाचं अमेरिकन विमानाचं इंजिन होतं. १२ सिलिंडर आणि २७ लिटर. आपल्या साध्या छोट्या कारचं इंजिन १.२ लिटरचं असतं, म्हणजे अशी बावीस इंजिनं एकत्र बांधल्यासारखं. ताकद सुमारे ४५० अश्वशक्ती. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दोन बाजूंना दोन जाड साखळ्या, अगदी सायकलसारख्या. थॉमसने नवे कार्ब्युरेटर लावले, स्वतः डिझाइन केलेले पिस्टन टाकले, गाडीचा आकार बदलला आणि तिचं नाव ठेवलं बॅब्ज.

विक्रमासाठी जागा निवडली वेल्समधली पेंडाइनची चौपाटी. ओहोटीच्या वेळी तिथे मैलोन्‌मैल सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. विक्रमाचा नियम साधा होता. एकदा जायचं, एकदा उलट दिशेने यायचं आणि दोन्ही वेगांची सरासरी धरायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये.

तोवर विक्रम थोडा थोडा करूनच पुढे सरकत होता. १९२५ मध्ये माल्कम कॅम्पबेल २४२, मार्च १९२६ मध्ये हेन्री सीग्रेव्ह २४५. एप्रिल १९२६ च्या २७ आणि २८ तारखेला थॉमस बॅब्ज घेऊन उतरला आणि आकडा गेला थेट २७५ च्या आसपास. एक किलोमीटर साधारण १३ सेकंदांत, तोही ओल्या वाळूवर, उघड्या गाडीत बसून!

३ मार्च १९२७

पण विक्रम टिकला नाही. ४ फेब्रुवारी १९२७ ला कॅम्पबेलने त्याच पेंडाइनवर ताशी २८१ किलोमीटर गाठले. थॉमस फ्लूमधून नुकताच उठला होता, तरी महिन्याभरात बॅब्ज घेऊन पुन्हा चौपाटीवर आला. ३ मार्चला धावताना गाडी भरधाव वेगात असतानाच बिथरली, उलटली आणि डोक्याला झालेल्या भयंकर जखमेने थॉमस जागीच गेला. वय ४२. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करताना जीव गमावणारा तो पहिला ड्रायव्हर. ब्रुकलँड्सजवळच्या बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

आणि बॅब्ज? तिला पेंडाइनच्याच वाळूत खड्डा करून पुरलं. सोबत्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती.

कारण म्हणून सगळीकडे एकच गोष्ट पसरली, की उजव्या बाजूची साखळी तुटली आणि ती उसळून थॉमसला लागली. ऐकायला पटणारी गोष्ट. पण इथे माझ्यातला इंजिनियर अडखळतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर कोसळला तर पहिला नियम असतो, की काही पुसायचं नाही. लॉग जपायचा, कारण खरं कारण त्यातच असतं. इथे तर अख्खा लॉगच वाळूत गाडला होता. मी त्या सोबत्यांना दोष देत नाही. मित्र डोळ्यांदेखत गेल्यावर मीही कदाचित तेच केलं असतं. पण त्या खड्ड्याबरोबर प्रश्नही बुजला.

वाळूतून बाहेर

चार दशकं गेली. आसपासची जागा संरक्षण खात्याच्या गोळीबार चाचणीच्या हद्दीत आली. वेल्समध्येच इंजिनियरिंग शिकवणारे ओवेन विन ओवेन यांनी ठरवलं, बॅब्जला बाहेर काढायचं. परवानग्या मिळवणं सोपं नव्हतं. काही लोकांना हे थडगं उकरण्यासारखं वाटत होतं. अखेर १९६९ मध्ये खोदकाम झालं. थॉमस जगला ४२ वर्षं आणि त्याची गाडी वाळूखाली राहिलीही ४२ वर्षं.

आता विचार करा, काकांची गाडी बारा वर्षं कोरड्या शेडमध्ये होती, तरी पिस्टन जाम. इथे तर समुद्राची खारी ओल. मीठ आणि पाणी मिळालं की लोखंड झपाट्याने गंजतं. त्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असले तर खारं पाणी त्यांच्यात बॅटरीसारखं काम करतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बाहेर आला तो गंजून चाळण झालेल्या पत्र्याचा सांगाडा. बघणाऱ्याला भंगारच वाटलं असतं.

ओवेन यांनी त्यावर सुमारे पंधरा वर्षं काम केलं. पंधरा वर्षं! शेवटी त्या २७ लिटरच्या इंजिनाचा आवाज पुन्हा लोकांनी ऐकला. आज बॅब्ज पेंडाइनच्या म्युझियममध्ये दिसते आणि अधूनमधून ब्रुकलँड्सलाही असते.

आणि त्या साखळीचं काय? गाडीचे अवशेष तपासल्यावर त्या गोष्टीवर शंका उभी राहिली. मागचं उजवं चाक निकामी होऊन गाडी उलटली असावी, असं आज बरेच जाणकार मानतात. थॉमस काही परत येणार नाही. पण ज्या साखळ्यांवर त्याच्या मृत्यूचा ठपका इतकी वर्षं होता, त्या कदाचित निर्दोष होत्या.

थॉमसचं काम मात्र वाळूत राहिलं नाही. त्याचा सहकारी रीड रेल्टन पुढे वेगाच्या गाड्यांचा सर्वात मोठा डिझायनर झाला. त्याने बनवलेल्या गाडीत जॉन कॉबने १९४७ मध्ये ताशी ६३४ किलोमीटरचा विक्रम केला.

तुमच्याही घरी, मामाच्या वाड्यात किंवा आजोबांच्या शेडमध्ये एखादी गाडी धूळ खात असेल. चालू करायची असेल तर चावी शेवटी. आधी प्लग काढा, तेल सोडा, दोन दिवस थांबा, हाताने फिरवून बघा, ब्रेक उघडा. आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जोडताना उपयोग होईलच, शिवाय ती गाडी मुळात का बंद पडली होती, याचं उत्तरही बहुतेक त्या फोटोंमध्येच सापडेल. काकांच्या गाडीचं आम्हाला तिथेच सापडलं. रेडिएटरचा पाइप फाटून इंजिन तापलं होतं, आणि घरात मात्र बारा वर्षं बिचाऱ्या बॅटरीला शिव्या बसत होत्या.