सांतियागो रामोन इ काहाल

स्पेन देशातील एका डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सांतियागोचा जन्म झाला. त्याचे वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. मुलानेही डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु सांतियागोचे चित्त चित्रकलेत गुंतलेले असे. वडिलांना हा छंद मुळीच पसंत नव्हता. मुलगा खोडकरही होता. अकरा वर्षांचा असताना त्याने घरीच एक तोफ बनविली आणि शेजाऱ्याचे फाटक उडवून दिले. त्याबद्दल त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याच्या व चांभाराच्या हाताखाली कामास ठेवले.

१८६८ साली वडिलांनी निराळा उपाय योजला. जुन्या दफनभूमीत मिळालेली मानवी हाडे पुढे ठेवून ते त्याला शरीररचना शिकवू लागले. हाडांची चित्रे काढता काढता सांतियागोला त्या शास्त्राची गोडी लागली. ज्या छंदावरून बापलेकांत वितुष्ट आले होते, त्याच छंदाने त्याला वैद्यकाकडे नेले. १८७३ साली सारागोसा येथे तो डॉक्टर झाला.

पुढे काहाल सैन्यातील डॉक्टर म्हणून क्यूबा बेटावर गेले. तेथील हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली व १८७५ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. साठविलेल्या पैशातून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले आणि संशोधनास प्रारंभ केला.

मोठ्या मेंदूमुळे आपण विचार करतो व आठवण ठेवतो, लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो, आणि त्यांच्या खालचा देठासारखा भाग श्वासोच्छ्वास चालू ठेवतो. परंतु हा मेंदू कशाचा विणलेला आहे, हे कोडे त्या काळी सुटले नव्हते. मेंदू म्हणजे तंतूंचे एकच अखंड जाळे आहे, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानीत. इटलीतील कामिल्लो गॉल्जी हे त्यांपैकीच एक होत. मेंदूतील मोजक्याच पेशी चांदीच्या क्षाराने काळ्या रंगविण्याची युक्ती त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केली होती.

१८८७ साली काहाल यांनी ही युक्ती पाहिली व तीत सुधारणा केली. प्रौढ मेंदूतील दाट गुंतागुंत टाळण्यासाठी त्यांनी पक्ष्यांचे व लहान प्राण्यांचे कोवळे मेंदू निवडले. १८८८ साली बार्सिलोना येथे त्यांना दिसले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. तिचे तंतू शेजारच्या पेशीजवळ पोहोचतात, पण तिच्यात मिसळून जात नाहीत. जे दिसले ते त्यांनी कागदावर हुबेहूब रेखाटले.

हे शोध छापण्यासाठी त्यांनी पदरमोड करून नियतकालिक काढले. पण ते स्पॅनिश भाषेत असल्यामुळे इतर देशांत फारसे कोणी वाचीना. अखेर १८८९ साली आपले काचपट्ट्यांवरील नमुने घेऊन ते बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. तेथे त्यांनी मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत एकेकाला समजावून सांगितले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावयास लावले. वयोवृद्ध स्विस शास्त्रज्ञ कोलिकर यांनी ते नमुने पाहिले व त्यांची खात्री पटली. त्यांच्या पाठिंब्यामुळे काहाल यांचे नाव युरोपभर झाले.

१९०६ सालचे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल या दोघांना मिळून देण्यात आले. त्या समारंभातील व्याख्यानातही गॉल्जी यांनी काहाल यांच्या मताला विरोधच केला. काहाल यांनी मात्र गॉल्जींच्या युक्तीचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल यांचे निधन झाले. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधील अतिसूक्ष्म फट दाखविली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांची ओळख करून देताना काहाल यांच्या हातची चित्रे आजही ग्रंथांतून छापली जातात.