शास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज

हर्बर्ट जेनिंग्ज यांचा जन्म ८ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेतील टोनिका या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. पुढे जेनिंग्ज मोठे प्राणिशास्त्रज्ञ झाले.

डबक्याच्या पाण्यात स्टेंटर नावाचा जीव असतो. तो कर्ण्यासारखा दिसतो. त्याचे सगळे शरीर म्हणजे एकच पेशी. त्याला मेंदू नाही. जेनिंग्जांनी सूक्ष्मदर्शकातून बघत त्याच्यावर लाल पूड सोडली. आधी तो बाजूला वाकला. मग तोंडाजवळचे बारीक केस उलटे हलवून त्याने पूड ढकलली. तरी पूड येतच राहिली, तेव्हा तो आपल्या नळीत आखडून बसला. बाहेर आल्यावर परत पूड आली, तर या वेळी तो वाकत बसला नाही, लगेच आखडला. शेवटी जागा सोडून पोहत निघून गेला. हे सगळे त्यांनी १९०६ सालच्या पुस्तकात लिहिले.

१९४७ साली ते वारले. १९६७ साली दुसऱ्यांनी हा प्रयोग केला, पण जमला नाही. त्यांनी स्टेंटरची जातच वेगळी घेतली होती! तरी लोक जेनिंग्जांचे काम विसरले. २०१९ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी बरोबर जात घेतली. तेव्हा स्टेंटर एकामागून एक उपाय करतो हे दिसले.

मित्रांनो, नीट तपासल्याशिवाय कुणाला खोटे म्हणू नये.